परळच्या कपाटाचं प्रकरण: क्वचित वाचणाऱ्या तिघांना पुस्तक सुचवताना

हे प्रकरण जून 2023 ते दिवाळी 2024 या काळातलं आहे. माणसं खरी आहेत, पण ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. इमारतीत सगळे ज्या हाकेने ओळखले जातात, तीच हाक वापरली आहे.

पार्श्वभूमी

आमची परळची इमारत जुन्या चाळींच्या जागेवर उभी आहे. चाळ होती तेव्हा तळमजल्यावर मंडळाचं मोफत वाचनालय होतं. दोन लाकडी बाकं, भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट आणि सकाळी पेपरसाठी वाट पाहत उभी असलेली माणसं. पेपरचं एकेक पान वेगळं होऊन हातोहात फिरायचं. पुनर्विकासात चाळ पडली तशी ती खोलीही गेली. कपाट मात्र कोणीतरी ट्रान्झिट कॅम्पात नेलं आणि परतही आणलं, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

जून 2023 मध्ये कमिटीने ते कपाट सोसायटीच्या ऑफिसात लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी जवळजवळ 30 वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे इमारतीत सगळे मला ‘बाई’च म्हणतात. घरोघरी रद्दीत निघालेली पुस्तकं आधीच उचलून ठेवली होती, काही मी घरून आणली, थोडी विकत घेतली. मिळून 260 झाली. वर्गणी नाही, डिपॉझिट नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ कपाट उघडं.

अडचण

पहिल्याच आठवड्यात मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी टाकली आणि तीच फळ्यावरही लावली. ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’, ‘मृत्युंजय’, ‘बलुतं’, ‘व्यक्ती आणि वल्ली’ आणि अशीच आणखी पाच. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या लिहायला मला दोन रात्री लागल्या. ग्रुपवर भरभरून अंगठे आले, ‘छान उपक्रम’ आलं, हात जोडलेले आले. तीन महिन्यांनी वही पाहिली तर नोंदी नऊ, त्यातल्या सहा शाळकरी मुलांच्या.

उरलेल्या तिघांत चौथ्या मजल्यावरच्या एक वहिनी होत्या. माझ्या आग्रहावरून त्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’ नेलं. पुढच्या पंधरवड्यात मी त्यांना तीनदा विचारलं, “वाचलं का? कसं वाटलं?” पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, पाहुणे होते. तिसऱ्यांदा मी लिफ्टमध्ये शिरले आणि त्या “काहीतरी राहिलं” म्हणत बाहेर पडल्या आणि जिन्याने वर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने पुस्तक आणून दिलं. खुणेची दोरी दुकानातून आली तशी पहिल्याच पानात होती.

चूक माझी होती हे कळायला तो जिना पुरेसा होता. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला एस. आर. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत पाठ असत. 1931 साली त्यांनी मांडले. त्यातला दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. मी प्रत्येकाच्या हातात माझं पुस्तक देत होते आणि वर त्याचा हिशोब मागत होते.

समोर कोणते मार्ग होते

सप्टेंबरात, गणपतीच्या तयारीच्या बैठकीतच कपाटाचा विषय निघाला. सेक्रेटरींचं म्हणणं होतं की स्पर्धा ठेवू, पुस्तक वाचून त्यावर बोलणाऱ्याला मंडळातर्फे बक्षीस. त्यामागचा उत्साह खरा होता. पण जो आधीच बुजलेला आहे तो माईकसमोर कशाला येईल? येणार ते आधीपासून वाचणारेच. दुसरी सूचना गच्चीवर अभिवाचन करण्याची आली, ती मला पटली. तिसरी एका तरुण सभासदाची: ऐकायची पुस्तकं मोबाइलवर मिळतात, ती पाठवा. त्यात वावगं काही नव्हतं, पण आमच्या घरांत निवांत कान मिळणं डोळ्यांपेक्षा कठीण आहे. टीव्ही चालू, कुकर चालू, खाली रस्ता चालू.

चौथा मार्ग मी सुचवला. सगळ्या इमारतीचा विचार सोडून द्यायचा आणि तीनच माणसं धरायची, एकेकाशी वेगळं बोलून पुस्तक सुचवायचं. कमिटीला हे फार थोडं वाटलं. “तिघांसाठी एवढा खटाटोप?” असं एकाने विचारलंही. मी सहा महिने मागून घेतले. अभिवाचन महिन्यातून एकदा आणि बाकी वेळ हे तिघे, असं ठरलं.

निवडही सांगायला हवी. ज्यांना पुस्तकांचा राग आहे असे नाही, तर ज्यांच्या दिवसात पुस्तक कुठे बसतच नाही असे तिघे घेतले. गिरणीतून निघालेले सत्तरीतले तात्या, पालिकेच्या रुग्णालयात आया असलेल्या काकी, आणि बाइकवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा बावीस वर्षांचा एक मुलगा.

काय केलं

तात्यांपासून सुरुवात केली आणि तिथेच पहिली चूक झाली. तात्या गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते; 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात त्यांची नोकरी गेली. म्हणून मी त्यांना जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक दिलं. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराच्या घराची गोष्ट, नाटक म्हणून पानं थोडी, सगळे संवाद, वाचायला सोपं. मला वाटलं, याहून नेमकं पुस्तक दुसरं नसेल. तात्यांनी चार दिवसांनी ते टेबलावर ठेवलं. “चांगलंच असणार बाई. पण हे घर आमचंच हाय. पुन्यांदा त्यात कशाला जाऊ?”

इथे थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही आणि तीच चूक त्या मुलाच्या बाबतीत केली. त्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे, हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं आणि त्याला दया पवारांचं ‘बलुतं’ दिलं. 1978 साली आलेलं हे दलित आत्मकथन मी किती जणांना दिलं असेल, त्यातल्या कावाखान्याने, म्हणजे पवारांच्या लहानपणीच्या मुंबईतल्या वस्तीने, मला स्वतःला ही मुंबई वेगळी दाखवली. पुस्तक मोठं आहे यात शंका नाही. पण मी ते त्याच्यासाठी निवडलं ते कशावरून? तो शांतपणे म्हणाला, “बाई, आमच्याकडे ही पुस्तकं आहेत. आजोबांची पेटी आहे भरलेली. तुमच्याकडे दुसरं काही नाही का माझ्यासाठी?”

‘माझ्यासाठी’ या शब्दावर त्याने जोर दिला नव्हता, पण मला तो लागला. ज्याचं जे आयुष्य, तेच त्याला पुस्तकात हवं असेल, असं मी दोघांच्या बाबतीत धरून चालले होते. मी त्याची माफी मागितली. त्याला बहुतेक कारण समजलं नाही, किंवा समजून त्याने विषय बदलला.

त्यानंतर मी पुस्तकं सुचवणं महिनाभर पूर्ण बंद केलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून फक्त गप्पा मारल्या. या महिन्याने मला आधीच्या 30 वर्षांपेक्षा जास्त शिकवलं असं मी म्हणेन.

एका संध्याकाळी पाणी बंद राहणार असल्याची सूचना फळ्यावर लागली होती. तात्या तिच्यासमोर उभे राहिले, मान मागे घेतली, पुढे केली आणि वॉचमनला म्हणाले, “वाच रे काय लिवलंय.” मी इतके दिवस धरून चालले होते की तात्यांना वाचनाची गोडी नाही. तात्यांना अक्षर दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, लांबचं लख्ख दिसत होतं, पण जवळच्या चष्म्याचा नंबर काढायचा राहून गेला होता. ऑपरेशनमध्ये आत बसवलेलं भिंग साधारणपणे लांबच्या नजरेसाठी असतं, वाचायला बहुतेकांना वेगळा चष्मा लागतो. तो कोणी करून दिला नव्हता आणि घरात ते बोलले नव्हते. त्यांच्या सुनेला सांगितलं, तिने त्याच रविवारी जाऊन चष्मा करून आणला.

चष्मा लावून ते ऑफिसात आले आणि कपाटासमोर उभे राहिले. मग विचारलं, “झुंजार हाय का तुमच्याकडं?”

मी पाहतच राहिले. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा! हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणारा हा माणूस, झुंजार आणि काळा पहाड हे त्याचे नायक. तात्या 1972 च्या दुष्काळात माण तालुक्यातून मुंबईला आले, गाववाल्यांच्या खोलीत राहायला लागले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. रात्रपाळी संपवून आल्यावर झोप येईपर्यंत मंडळाच्या वाचनालयातला अर्नाळकर. “एका बैठकीत एक,” ते म्हणाले. मग संप आला, खोलीतले निम्मे गावी गेले, वाचनालयाला कुलूप लागलं. ज्याला मी ‘न वाचणारा’ म्हणून वहीत लिहिलं होतं, तो माणूस दहा वर्षं रोज वाचत होता.

माझ्या कपाटात झुंजार नव्हता. शाळेच्या ग्रंथालयातही मी तो कधी येऊ दिला नव्हता. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून चार पुस्तकं मिळाली, पानं पिवळी पडलेली. तात्यांनी ती आठवड्यात संपवली आणि मग स्वतःहून म्हणाले, आता गावाकडचं काही असेल तर द्या. तेव्हा मी ‘बनगरवाडी’ पुढे केलं. यादीत ते होतंच, पण जूनमध्ये दिलं असतं तर दिसलंही नसतं त्यांना.

‘बनगरवाडी’ त्यांनी सावकाश वाचली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, पानं दीडशेच्या आसपास. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीत शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळात वस्ती ओस पडते. तात्या मधेच येऊन मला सांगायचे, कारभारी असाच असतो, आमच्याकडं पण होता एक. शेवट वाचून आले तेव्हा पुस्तक हातातच धरून बसले. “आमी पण असंच जगायला बाहेर पडलो. मुंबईत जो येतो तो आमाला संपाचं इचारतो. त्येच्या आधीचं कोण इचारत न्हाई.”

‘अधांतर’ त्यांना का नको होतं, ते मला तेव्हा उलगडलं.

काकींचा प्रश्न वेगळा होता. “बाई, मी सातवी. मला नाही जमत वाचायला,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. श्रावणात त्यांच्या घरी प्रसादाला गेले तर पाटावर नवनाथ भक्तिसाराची पोथी. 40 अध्याय, सगळे ओवीबद्ध, शब्द जुने. काकी दरवर्षी ते पारायण करतात, ड्युटी सांभाळून. मी म्हटलं, “काकी, ही पोथी वाचणाऱ्याला अडेल असं माझ्या कपाटात एकही पुस्तक नाही.” त्या म्हणाल्या, “ती पोथी आहे. ते वाचन थोडंच?”

पोथी उघडून पाहिली. अक्षर टपोरं, ओळींत मोकळी जागा, थांबायची जागा ठरलेली. पुस्तकं काकींना का जड जातात ते त्या पानावरच दिसत होतं. त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ माझ्या मनात होतं, पण ते जाडजूड आणि बारीक टाइपातलं. लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखनावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. मी सुरुवातीची दोन प्रकरणं मोठी करून झेरॉक्स काढली, मधोमध शिवून पोथीसारखी केली. आणि पहिली दोन पानं गॅलरीत बसून स्वतः वाचून दाखवली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड. काकी भाजी निवडत ऐकत होत्या. एका ठिकाणी हात थांबला आणि त्या हसल्या. मी तिथेच थांबले, पानं तिथे ठेवली आणि उठले. पुन्हा त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

न विचारणं हा या सगळ्यातला सर्वांत कठीण निर्णय होता. जिन्यात भेटलो तरी पाण्याचं बोलायचं, गॅसचं बोलायचं. बाराव्या दिवशी काकीच म्हणाल्या, “तो टिळक आता पुढे कुठे निघून जातो?” टिळक म्हणजे लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक. काकींना पुढची पानं हवी होती. रात्रपाळीत वॉर्ड निजला की त्या एक तुकडा वाचत. “एवढं सोसते आणि तरी हसवते कशी ही बाई?” असं त्यांनी मला विचारलं. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तिथून पुढचा लक्ष्मीबाईंच्या विरहाचा भाग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवला, हे मला नंतर कळलं.

राहिला तो मुलगा. त्याला मी काहीच दिलं नाही. दिलं तात्यांनी. रात्री साडेअकराला तो गाडी लावून बाकावर बसतो, तात्यांना झोप येत नाही, तेही तिथेच. तात्यांनी त्याला झुंजारची एक गोष्ट सांगायला घेतली, निम्म्यावर आणली आणि चष्मा पुसत म्हणाले, “आता झोपतो. पुढचं पुस्तकात हाय.” ऑर्डर तयार होईपर्यंत हॉटेलाबाहेर दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं, त्यात त्याने ते तीन दिवसांत संपवलं. मग दुसरं. पुढे त्याने ‘दुनियादारी’ मागितलं, कारण 2013 चा सिनेमा त्याने पाहिला होता. सुहास शिरवळकरांची ती 1982 ची कादंबरी वाचून तो माझ्याशी भांडायलाच आला, की सिनेमात हे असं का केलं. आम्ही अर्धा तास वाद घातला. ग्रंथपालाला यापेक्षा सुखाचा अर्धा तास मिळत नाही.

काय झालं

दिवाळी 2024 ला वहीत नेहमी पुस्तक नेणारी मोठी माणसं अकरा होती. आमच्या इमारतीच्या मानाने हा आकडा लहानच आहे. काकींचं ‘स्मृतिचित्रे’ निम्म्याच्या पुढे गेलं, मग मुलीचं बाळंतपण आलं आणि थांबलं. ते पुरं झालेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी परत आल्या नाहीत.

गच्चीवरचं अभिवाचन चाललं नाही. पहिल्या वेळी वीसेक जण, तिसऱ्या वेळी पाच, पावसाळ्यात बंद. दिवाळी अंकांनी मात्र मला चकित केलं. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली रीत, पण वाचनाची सवय नसलेल्यासाठी ती किती सोयीची आहे हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. एक कथा, एक लेख, भविष्य, विनोद. कुठूनही उघडा, कुठेही सोडा. सहा अंक घेतले होते, दोन महिन्यांत चारांची मुखपृष्ठं निखळली.

माझी दहा पुस्तकांची यादी मी फळ्यावरून काढली. तिथे आता एक कोरी वही दोरीने बांधली आहे. ज्याला जे पुस्तक आवडलं, ते त्याला दुसऱ्या कोणाला द्यावंसं वाटतं, एवढंच त्यात लिहायचं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी चष्मा. पुस्तकाचं नाव तोंडातून काढण्यापूर्वी समोरच्याला जवळचं अक्षर दिसतं का, हे मी पाहीन. चाळिशीनंतर प्रत्येकाची जवळची नजर कमी होत जाते, आणि आपल्याकडे माणूस ते सांगण्यापेक्षा “मला आवड नाही” असं सांगतो. तात्यांचे चार महिने मी यात घालवले.

दुसरं, “काय वाचायला आवडतं?” हा प्रश्न विचारणार नाही. त्यावर माणूस गडबडतो, मला आवडेल असं उत्तर देतो. त्याऐवजी पूर्वी काय वाचायचात, कुठे बसून वाचायचात, ते कधी सुटलं, हे विचारीन. पोथी, पेपरातलं शब्दकोडं, अर्नाळकर, जे निघेल ते वाचनच.

मुलाच्या बाबतीत जे केलं ते पुन्हा करायचं नाही हे तर आहेच. पण तिथे माझ्या मनात अजून एक गुंता आहे. आपल्या आयुष्याशी जुळणारं पुस्तक मिळालं म्हणून वाचनाकडे वळलेले विद्यार्थी मी शाळेत पाहिले आहेत, तेही खरंच. फरक मला एवढाच दिसतो की त्यांनी ते कपाटातून स्वतः काढलं होतं. ‘बलुतं’ तिसऱ्या फळीवर आहे. त्या मुलाला ते कुठे आहे हे ठाऊक आहे.

कमिटीला दर तिमाहीला आकडे देण्याचं मी तेव्हा कबूल केलं होतं, तेही आता करणार नाही. आकड्याची तारीख जवळ आली की माझ्या तोंडात पुन्हा “वाचलं का?” येऊ लागायचं.

परवा कोऱ्या वहीत नवी नोंद सापडली. तात्यांचं अक्षर, मोठं आणि तिरकं: ‘बनगरवाडी. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना. त्यांचं माहेर आमच्याकडलंच.’ पुस्तक जागेवर नाही. कोणी नेलं, ते मी विचारलेलं नाही.